ह्युमिडिफायर कुठला घ्यायचा? परत परत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी घरगुती छोटी मशीन्स रिपेअर करतो आणि थंडी लागली की पार मे संपेपर्यंत ह्युमिडिफायरचे, म्हणजे कोरड्या हवेत ओल सोडणाऱ्या मशीनचे, प्रश्न येत राहतात, दुकानात, फोनवर, शिवाय अमेरिका-कॅनडातल्या ओळखीच्यांकडून. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. लोक लिटर, वॅट आणि रंगीत लाइट बघून मशीन घेतात. माझं म्हणणं असं की आधी घरातली हवा मोजा, मग घरातलं पाणी बघा, कुठला प्रकार घ्यायचा ते त्यावरूनच ठरतं.

१. आम्हाला ह्युमिडिफायर लागतो की नाही हे ओळखायचं कसं? ओठ फुटतात, सकाळी घसा कोरडा पडतो.

आधी हायग्रोमीटर घ्या, ह्युमिडिटी म्हणजे हवेतली ओल टक्क्यांत दाखवणारं छोटं डिजिटल मीटर, तीन-चारशे रुपयांत येतं. ते उशाजवळ ठेवा, एसीच्या झोतात नको, खिडकीत नको, बाथरूमच्या दाराशी तर नकोच, आणि चार-पाच दिवस झोपताना आणि उठल्यावर आकडा लिहून ठेवा. ४० ते ५० च्या मधे असेल तर हवा ठीक आहे, दुसरं कारण शोधा. सतत ३० च्या खाली असेल तर मशीनचा खरंच उपयोग होईल. ६० च्या आसपास किंवा वर असेल तर घेऊच नका, भिंतीला बुरशी धरेल. घसा काही फक्त कोरड्या हवेनेच सुकत नाही, नाक चोंदलेलं असतं आणि माणूस तोंड उघडं ठेवून झोपतो, किंवा एसीचा झोत थेट तोंडावर येतो, अशा वेळी मशीन कितीही भारी घेतलं तरी फरक पडत नाही, एसीची पाती वर करून बघा आधी.

२. स्वस्तातलं मीटर बरोबर दाखवतंय कशावरून?

मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत करा, मिठाचं पाणी व्हायला नको. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात ठेवून रात्रभर सोडा. आत ह्युमिडिटी ७५ टक्के होते, मिठाचा हा गुणच आहे. मीटर ७० दाखवत असेल तर तुमचं मीटर ५ ने कमी दाखवतं, तेवढे मनात मिळवायचे आणि वापरायचं, फेकून द्यायची गरज नाही.

३. मुंबईत राहतो. कोकणात आईवडिलांकडे पण एक पाठवू का?

नको. समुद्राच्या काठाला हवा वर्षभर दमट असते, तिथे उलटी अडचण आहे, पावसाळ्यात कपाटातल्या चपला-पर्स पांढऱ्या पडतात, तिथे उपयोग झाला तर हवेतली ओल काढणाऱ्या डीह्युमिडिफायरचा होईल. गोव्यालाही हेच. मुंबईत एसीमुळे हवा कोरडी झाली असं खूप जणांना वाटतं, एसी पाणी काढतो हे खरंय, पण मुंबईच्या हवेतलं पाणी काढून काढून आकडा येतो तो साधारण पन्नाशीच्या आसपास, म्हणजे छानच. तरीही शंका असेल तर प्रश्न १ प्रमाणे मोजा. बारा-बारा तास एसी चालणारी छोटी बंद खोली कधीकधी खरंच कोरडी निघते, पण ते मीटरने सांगू दे.

४. मग महाराष्ट्रात हे लागतं कुणाला?

घाटावर आणि त्याच्या पुढे. पुणे, नाशिक, नगर, खानदेश, मराठवाडा, विदर्भ. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारची ह्युमिडिटी विशीत येते, विदर्भात कडक उन्हात त्याहून खाली. मुलांचा घोळणा फुटतो, टाचांना भेगा पडतात, अंग उलतं, लाकडी दारं सुकून त्यांना फटी पडतात. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की मशीन धुऊन पुसून पूर्ण कोरडं करून माळ्यावर. पाणी तसंच ठेवून पॅक करू नका, पुढच्या वर्षी उघडल्यावर जो वास येतो तो घरात सोडण्यासारखा नसतो.

५. प्रकार किती आणि फरक काय? सगळेच वाफ सोडतात ना?

नाही, आणि तिथेच सगळा घोळ होतो. बाजारात सगळ्यात जास्त मिळतो तो अल्ट्रासोनिक. त्यात तळाला रुपयाएवढी एक चकती असते, ती सेकंदाला सतरा लाखांच्या आसपास वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक कण करून उडवते. दिसतं वाफेसारखं पण ते थंड असतं आणि ते पाणीच असतं, पाण्यात जे जे आहे ते सगळं घेऊन हवेत जातं, क्षार असो की जंतू. आवाज जवळपास नाही, वीज अगदी कमी, किंमत कमी.

दुसरा इव्हॅपोरेटिव्ह. त्यात एक जाड कागदी किंवा कापडी फिल्टर पाणी शोषतो आणि मागून पंखा हवा मारतो. डोळ्याला काहीच दिसत नाही, म्हणून लोक "चालत नाही" म्हणून परत करतात, पण तो व्यवस्थित चालत असतो. क्षार फिल्टरमधेच राहतात. शिवाय हवा दमट व्हायला लागली की पाणी उडायचं आपोआप कमी होतं, त्यामुळे खोली ओलीचिंब होण्याची भीती कमी. पंख्याचा आवाज असतो, फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी बदलावा लागतो.

तिसरा गरम वाफेचा, पाणी उकळवून वाफ सोडणारा. जंतू मरतात, क्षार तळाला खरवड होऊन बसतात, पण वीज जास्त आणि भाजायची भीती. परदेशात चौथा एक असतो, पूर्ण घराचा, त्याबद्दल प्रश्न १४ बघा.

मला विचाराल तर बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या घराला इव्हॅपोरेटिव्ह, आरओचं पाणी रोज घालणार असाल आणि धुण्याची शिस्त असेल तर अल्ट्रासोनिक, आणि घरात लहान मूल नाही अशा थंड जागी गरम वाफेचा.

६. मशीन आणल्यापासून टीव्हीवर, काळ्या टेबलावर पांढरी पावडर बसते. मशीन खराब आहे का?

मशीन चांगलं आहे, पाणी जड आहे. हा अल्ट्रासोनिकचाच प्रकार. हिशोब करून बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी ८०० धरा. रात्रभरात ३ लिटर पाणी उडवलं तर २४०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच ग्रॅम क्षार एका रात्रीत बेडरूमच्या हवेत. टेबलावर दिसतो तो त्यातला थोडा भाग, बाकीचा भिंती, पडदे आणि तुमची छाती. तेच आरओचं ५० टीडीएसचं पाणी घातलं तर हा आकडा दीडशे मिलिग्रॅमवर येतो.

परवाच एक मशीन उघडलं, चालतच नाही म्हणून आलं होतं. चकतीवर पिवळट पांढरा थर, नखाने खरवडला तर निघेना, आणि कडेच्या खाचेत बोट फिरवलं तर बुळबुळीत. चकती शाबूत होती. लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, मऊ ब्रशने पुसली, धुतली, पहिल्यासारखी चालली. चाकूने किंवा तारेच्या घासणीने चकती कधीही खरवडू नका, एक ओरखडा आणि ती गेली.

७. मग पाणी कुठलं घालू? उकळलेलं चालेल? बॅटरीचं? एसीतून गळणारं पाणी तर फुकट आहे.

उकळल्याने जंतू मरतात, पण टीडीएस फारसा उतरत नाही, त्यामुळे पावडर येतच राहते. आरओचं पाणी रोजच्यासाठी सगळ्यात सोयीचं. डिस्टिल्ड सगळ्यात चांगलं पण आपल्याकडे रोजला परवडत नाही. बॅटरीचं पाणी क्षार नसलेलं असतं हे बरोबर, पण ते माणसाने श्वासातून घ्यायचं म्हणून भरलेलं नसतं, मी घालणार नाही. एसीचं पाणी तर अजिबात नको, क्षार कमी असले तरी ते धुळीच्या कॉइलवरून आणि ट्रेमधल्या शेवाळावरून येतं, अल्ट्रासोनिक ते सगळं तुमच्या नाकात सोडेल. ते झाडांना किंवा फरशीला वापरा.

८. नागपूरला आहे, कूलर आहेच. वेगळं मशीन कशाला?

उन्हाळ्यात काही गरज नाही. कूलर म्हणजे मोठा इव्हॅपोरेटिव्ह ह्युमिडिफायरच, वाळा, वूडवूल किंवा हनीकोंब पॅड भिजतं आणि पंखा त्यातून हवा ओढतो, तासाला कित्येक लिटर पाणी उडतं. फक्त खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर तासाभरात चिकचिक होईल. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून कडा घासा, डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. एसी आणि कूलर एकत्र लावू नका, एक पाणी घालतो दुसरा काढतो आणि बिल तुम्ही भरता. एसीच वापरणार असाल आणि मीटर ३० च्या खाली जात असेल तर मात्र छोटा ह्युमिडिफायर ठीक.

९. १० बाय १२ च्या खोलीला किती लिटरचा लागेल?

खोली १० फूट उंच धरली तर साधारण ३४ घनमीटर हवा. २५ डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी मावतं. २५ टक्क्यांवरून ४५ वर न्यायचं म्हणजे घनमीटरला साडेचार ग्रॅमच्या आसपास, पूर्ण खोलीला दीडशे ग्रॅम, एक मोठा कपभर पाणी. इतकं कमी ऐकून लोकांना पटत नाही. पण फटींमधून हवा सतत बदलत राहते, गाद्या, पडदे, भिंती पाणी पितात, त्यामुळे तेवढंच पाणी दर तासाला लागू शकतं असं धरून चाला. म्हणजे तासाला २०० ते ३०० मिलि सोडणारं आणि ३ लिटर टाकी असलेलं मशीन रात्रभर पुरतं. बॉक्सवर टाकीचे लिटर मोठ्या अक्षरात असतात, तुम्ही तासाला किती मिलि ते शोधा. टेबलावरचे यूएसबीवाले गोंडस मशीन तासाला तीस-पन्नास मिलि सोडतात, खोलीला त्याचा काही उपयोग नाही, पैसे घालवू नका.

१०. बाळासाठी गरम वाफेचा बरा ना? सर्दीत आई म्हणतात वाफ दे.

बाळाच्या खोलीत थंडच. गरम मशीनमधलं उकळतं पाणी वायर ओढली की अंगावर येतं, रांगणाऱ्या मुलाला एक सेकंद पुरतो. वाफेच्या तोंडाशी नुसता हात नेला तरी भाजतं. नाक चोंदलं असेल तर हवेतली ओल थंड कणांनी आली तरी तेवढाच आराम मिळतो. मशीन पाळण्यापासून पाच-सहा फूट लांब आणि उंच स्टुलावर, बाळाच्या अंगावर धुकं पडायला नको, अंथरूण ओलं होतं. आणि पाण्यात कापूर, बाम, निलगिरी काहीही नको, कापूर बाळांना खरंच विषारी ठरू शकतो. आजी प्रेमाने सांगते, तिला शांतपणे समजावून सांगा. बाळ धापा टाकत असेल, छाती आत ओढली जात असेल तर मशीनच्या भानगडीत न पडता डॉक्टरांकडे.

११. मोठ्यांसाठी तरी सुगंधी तेल घालू का?

टाकीत नको. तेलाने प्लॅस्टिक तडकतं, चकतीवर चिकट थर बसतो. ज्या मशीनला तेलासाठी वेगळा छोटा कप्पा दिलाय तिथेच घाला. डिफ्युझर वेगळी वस्तू आहे, तो वासासाठी असतो, त्याने हवा ओली होत नाही. नेब्युलायझर तर औषधाचं मशीन, त्याची जागा ह्युमिडिफायर घेऊ शकत नाही.

१२. साफ किती वेळा करायचा? डेटॉलसारखं काही टाकलं तर जंतू मरतील ना?

रोज उरलेलं पाणी ओतून द्या, टाकी हलवून धुवा, ताजं भरा. आठवड्यातून दोनदा व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्याने थर काढा, कोपरे ब्रशने, मग दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवा. दिवसभर वापरायचं नसेल तर टाकी उघडी ठेवून वाळवा.

चालू मशीनच्या पाण्यात जंतुनाशक मात्र कधीही, कुठलंही घालू नका, हे मी हात जोडून सांगतो. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं दुकानात सर्रास मिळायची, कुटुंबं स्वच्छता म्हणून वापरायची. २०११ मध्ये तिथल्या सरकारी तपासात फुफ्फुसं निकामी होण्याच्या केसेसचा संबंध या रसायनांशी लागला, त्यात गरोदर बायका आणि लहान मुलं होती, कित्येक जीव गेले. हाताला लावायला किंवा फरशी पुसायला चालणारी वस्तू बारीक कण होऊन फुफ्फुसात गेली की वेगळीच वागते. रोज पाणी बदलणं जमणार नसेल तर मशीन घेऊ नका, रात्री खोलीत ओले कपडे वाळत घाला, वॉशिंग मशीनमधे पिळलेल्या एका घाण्यातून लिटरभर तरी पाणी हवेत जातं. कोपऱ्यात पातेलंभर पाणी ठेवून मात्र काही होत नाही, त्याचं उडणं फारच थोडं असतं.

१३. ह्युमिडिफायर लावला की एअर प्युरिफायरचा दिवा लाल होतो. हवा बिघडली का? घरात दमा आहे.

अल्ट्रासोनिक आणि नळाचं पाणी असेल तर प्युरिफायरचं बरोबर आहे. पाण्याचा थेंब सुकला की मागे क्षाराचा बारीक कण उरतो आणि सेन्सर तो पीएम २.५, म्हणजे हवेतली अगदी बारीक धूळ, म्हणून मोजतो. आरओचं पाणी घाला, आकडा बराच खाली येईल, किंवा इव्हॅपोरेटिव्ह घ्या. काही वेळा सेन्सर पाण्याच्या थेंबांनाच फसतो, म्हणून दोन्ही मशीन खोलीच्या दोन टोकांना ठेवा. दमा किंवा धुळीची अॅलर्जी असेल तर ५० च्या वर जाऊच नका, ओल वाढली की गादीतले धुळीचे किडे वाढतात आणि त्रास तिथूनच सुरू होतो. अशा घरात मशीन घ्यायचं की नाही हे छातीच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

१४. टोरांटोला मुलाकडे आलोय, हीटिंगने हात फुटलेत. इथे काय घ्यावं?

तिथे गरज खरी आहे. बाहेर शून्य डिग्री आणि ८० टक्के ह्युमिडिटी असली तरी तीच हवा आत २१ डिग्रीला तापवली की २० टक्क्यांच्या आसपास येते. बाहेर उणे १० असेल तर दहाच्या जवळ, म्हणजे मे महिन्यातल्या विदर्भाहून कोरडी. घर स्वतःचं असेल आणि फर्नेसची (घर तापवणाऱ्या भट्टीची) गरम हवा डक्टमधून, म्हणजे हवेच्या मोठ्या नळीतून, येत असेल तर डक्टला बसवायचा पूर्ण घराचा ह्युमिडिफायर सगळ्यात निवांत, नळाची लाइन जोडलेली असते, सीझनला एकदा आतलं पॅड बदललं की झालं. गरम पाण्याचे रेडिएटर असतील तर डक्टच नसतो, तिथे हे बसत नाही. भाड्याच्या अपार्टमेंटमधे मोठ्या फिल्टरचा इव्हॅपोरेटिव्ह. गरम वाफेचाही तिथे चालतो, कारण तिथे गरमी हवीच असते.

पण आकडा ४५ वर न्यायच्या मागे लागू नका. खिडकीच्या काचेवर आतून पाणी ओघळायला लागलं की थांबा, बाहेर उणे २० असेल तर आत २५-३० पुरे. चौकट भिजून काळी पडते आणि भिंतीच्या आत ओल गेली तर कळतही नाही.

१५. विजेचं बिल किती वाढेल?

अल्ट्रासोनिक ३० वॅट धरला तर आठ तासांत पाव युनिट. इव्हॅपोरेटिव्ह पंख्याच्या साइजप्रमाणे थोडा इकडेतिकडे. गरम वाफेचा ३०० वॅटचा असेल तर आठ तासांत २.४ युनिट, लिटरभर पाण्याची वाफ करायला ०.७ युनिट लागतंच, कुठलीही कंपनी त्यातून सुटत नाही.

१६. न्यू जर्सीत माझा मिरजेचा तानपुरा आहे. हिवाळ्यात खुंट्या सरकतात, भोपळ्याजवळ बारीक चीर दिसतेय.

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो आणि वाईट वाटतं, कारण चीर एकदा गेली की कारागिराशिवाय भरत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावच्या वस्तूची सरकारी ओळख, मिळालं, ते वाद्य तिथल्या हवेत बनलेलं असतं, लाकूड आणि भोपळा दोन्ही हवेप्रमाणे फुगतात-आक्रसतात पण सारख्या प्रमाणात नाही, मग सांधा उघडतो. खोलीची ह्युमिडिटी ४० ते ५० मधे स्थिर ठेवा, स्थिर हा शब्द महत्त्वाचा, दिवसा २० रात्री ५० हे सतत २५ पेक्षाही वाईट. म्हणून इथे ह्युमिडिस्टॅट असलेला, म्हणजे आकडा सेट करता येणारा इव्हॅपोरेटिव्ह घ्या. बाहेर फारच गारठा असेल आणि खिडक्या ओघळत असतील (प्रश्न १४) तर पूर्ण घर ओलं करायच्या नादी न लागता तानपुरा केसमधे ठेवा आणि भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज त्या केसमधे ठेवा, लाकडाला टेकणार नाही असा. अल्ट्रासोनिकचं धुकं वाद्यावर कधीही सोडू नका. हीटिंगच्या जाळीपासून लांब. तबल्याची पुडी पण कोरड्या हवेत ताणून सूर चढतो, त्यालाही हीच खोली द्या.

१७. अमेरिकेतून येताना मशीन आणू का?

तिथलं ११०-१२० व्होल्टचं, आपलं २३०. मोठा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि फिल्टर इथे मिळत नाहीत, दोन महिन्यांत मशीन पडून राहतं. अॅडॉप्टरवर १००-२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलून चालतं, पण फिल्टरची अडचण तीच.

१८. आरओचं पाणी घातलं तर आमचा गरम वाफेवाला वाफच सोडत नाही, नळाचं घातलं की सोडतो. उलटं कसं?

तुमच्या मशीनमधे कॉइल नाही, दोन इलेक्ट्रोड आहेत. वीज पाण्यातूनच जाते आणि पाणी तापतं, त्यासाठी पाण्यात क्षार लागतात. आरओच्या पाण्यात ते इतके कमी असतात की वीज नीट वाहतच नाही. या एका प्रकारात नळाचं पाणी घाला, किंवा आरओमधे थोडं थोडं नळाचं मिसळून बघा. उलट बोअरचं फार जड पाणी घातलं तर इतकं जोरात उकळतं की तोंडातून गरम पाणी उडतं, कधी फ्यूज उडतो, तेव्हा त्यात आरओ मिसळून हलकं करा. झाकण उघडायच्या आधी प्लग काढा, नुसतं बटन बंद करू नका, कारण या मशीनमधे पाण्यातच करंट असतो.